कणकेवरची पाच बोटं

या मित्रांनो, जवळ या. अजून थोडे सरका. माझा आवाज आता पूर्वीसारखा लांब जात नाही. एके काळी माझ्यावर थाप पडली की ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची माणसं ताटातली भाकरी घाईघाईनं संपवून देवळाकडे निघायची. आता माझ्यावर कुणी बोट वाजवलं तर शेजारी झोपलेलं मांजरसुद्धा कान हलवत नाही. पण गोष्ट सांगायला थाप कशाला हवी? एक गोष्ट माझ्या पोटात फार वर्षं पडून आहे. ती आज तुम्हाला सांगतो आणि या म्हाताऱ्या लाकडाचं ओझं थोडं हलकं करतो.

मी एक जुना पखवाज आहे. निमगाव केतकीत सावळाराम आबांच्या घरी, धान्याच्या कणगीशेजारी, जुन्या लुगड्याच्या खोळीत मी असतो. माझ्या अंगाला दोन चिरा गेल्या आहेत. वाद्या, म्हणजे मला आवळून धरणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या, सैल पडल्या आहेत. थकलोय मी. पण चिरांमुळे नाही. ते पुढे कळेल.

माझा जन्म बारामतीचा. चाँदभाई नावाचे एक कारागीर होते. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, बोटं मात्र सुईसारखी. त्यांनी शिसवाचं खोड आतून कोरलं आणि दोन्ही तोंडांवर बकऱ्याचं कातडं चढवलं. उजव्या तोंडावर काळी शाई घोटली. डावं तोंड मोकळंच ठेवलं, कारण तिथं दर वेळी वाजवण्याआधी ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो. कणीक लागली की माझ्या पोटातून घुमारा उठतो. कणीक नसली तर मी नुसतं लाकडाचं पिंप.

आबा मला न्यायला आले तेव्हा ऐन तिशीत होते. चाँदभाईंनी मला त्यांच्या हाती दिलं, पण लगेच सोडलं नाही.

"सावळारामराव, एक सांगतो, ध्यानात ठिवा," ते म्हणाले. "लाकूड मुकं असतं. कातडं मुकं नसतं. कातड्याला हात कळतो. मायेचा कुठला, वंगाळ कुठला, ते त्याला शिकवावं लागत न्हाय. म्हणून कुणालाबी ह्याला हात लावू देऊ नका. आधी इचारायला लावा."

आबांनी तो शब्द असा पाळला की गावात त्यांची थट्टा व्हायची. मांडीवर घेण्याआधी ते मला दोन्ही हातांनी स्पर्श करत आणि हात कपाळाला लावत. दुसऱ्या कुणाला हात लावायचा असेल तर आधी "आबा, लावू का?" असं विचारावंच लागे. एकदा कीर्तनाला आलेल्या एका बड्या साहेबांनी जाता जाता माझ्यावर टिचकी मारली. आबा शांतपणे म्हणाले, "सायेब, तुमच्या गालावर मी अशी टिचकी मारली तर चालंल का?" साहेब कान पकडून हसले. मला काय वाटलं म्हणून सांगू! राजाच्या पोरालासुद्धा एवढा मान नसेल, असं मी तेव्हा समजत होतो.

दिवस चांगले होते. कीर्तनकार बुवा निरूपण करता करता थांबायचे, आबांकडे नुसती नजर टाकायचे, आणि आम्ही दोघं असं काही बोलायचो की माना डोलायच्या. बुवा म्हणायचे, "हा पखवाज नाही, हा देवाच्या दारचा भालदार आहे." त्या कौतुकावर मी वर्षानुवर्षं जगलो.

आता गोष्ट तिथं येते जिथं सांगताना माझं कातडं अजून आखडतं.

वर्षातून एकदा देवळात हरिनाम सप्ताह बसतो. मंडपाच्या मागं पत्र्याची एक खोली आहे, तिला कोठी म्हणतात. पंगतीचं धान्य, पीठ, गूळ तिथं ठेवतात. कोठीच्या किल्ल्या देवळाची व्यवस्था बघणाऱ्या अप्पांकडे. कपाळाला बुक्का, तोंडात सदा रामकृष्णहरी, आणि खिशात लेकरांसाठी गुळाचे खडे. असा सज्जन माणूस गावाला दुसरा दिसत नव्हता. रोज संध्याकाळी कीर्तनाआधी आबांच्या घरातलं एक लेकरू पितळी वाटी घेऊन कोठीत जाई आणि माझ्यासाठी कणीक घेऊन येई. त्याला म्हणत कणकेचा मान. लेकरू एकटं जाई, कारण मान एकाचाच असतो. ते चुकीचं आहे असं कुणाला वाटलं नाही. मलाही नाही.

तेव्हा हा मान आबांच्या लेकीकडे होता. तिचं नाव जयवंता. नऊ वर्षांची होती. कीर्तनात पुढं बसून खड्या आवाजात गायची, आणि देवळाच्या पायऱ्या कधी एकेक करून उतरायचीच नाही. पहिले दोन दिवस तिनं आणलेली कणीक लाडवासारखी गोल होती. तिसऱ्या दिवशी ती उशिरा आली. कणकेचा गोळा चेंगरलेला होता, आणि त्यावर पाच बोटं खोल रुतली होती. एवढ्याशा मुठीत एवढा जोर कुठून आला असेल? आबांनी ती कणीक माझ्यावर थापली आणि मला कळलं. कातड्याला कळतंच. ती भीतीची मूठ होती.

चौथ्या दिवशी जयवंता म्हणाली, "आबा, मला कोठीत न्हाय जायचं."

"का गं?"

"अप्पा जवळ घेत्यात. मला न्हाय आवडत."

भोवती चार माणसं बसली होती. आबांना लाज वाटली. "मोठ्या मानसाला असं बोलत्यात व्हय? मायेनं घेत असतील. जा, मान हाय आपला. शानी माझी बाय."

ती मग काही न बोलता वाटी उचलून गेली. आबांना वाटलं, समजली पोर. त्या संध्याकाळीही कणकेवर पाच बोटं होती. आणि मी? मी वाजलो, मित्रांनो. नेहमीपेक्षा जोरात वाजलो. मला स्वतःचं तोंड नाही, दुसऱ्यानं थाप दिली तरच मी बोलतो. पण त्या आठवड्यात माझ्या घुमाऱ्याखाली एका लेकराचा आवाज बुडाला, हे मी विसरलेलो नाही. माझा थकवा तो आहे.

पुढच्या वर्षी ती पुढं बसली नाही. त्यानंतर गायलीच नाही. मोठी झाली, काटेवाडीला सासरी गेली, पाच गाईंच्या आता पंधरा केल्या. दिवाळीला यायची. सप्ताहाला कधीच नाही. "गाई हैत, आबा," एवढंच म्हणायची. आबा लोकांना सांगायचे, "लई कामाची हाय माझी जयवंता. सवडच न्हाय तिला."

अशी अठ्ठावीस वर्षं गेली.

मग एका वर्षी घरात दुसरं वारं शिरलं. त्या वाऱ्याचं नाव राजलक्ष्मी. आबांच्या मुलाची मुलगी, सात वर्षांची, दुसरीतली. तिच्या शाळेत रेश्मा बाई होत्या. त्यांनी वर्गात फळ्यावर एक मुलगी आणि एक मुलगा काढला आणि सांगितलं, की हे अंग ज्याचं त्याचं. चड्डीच्या आतली जागा तर फक्त आपली. तिथं कुणी हात लावायचा नाही, पाहायचं नाही, आणि आपल्याला दुसऱ्याच्या अंगाला हात लावायला सांगायचं नाही. लहान असताना आई अंघोळ घालते, दुखलं तर डॉक्टर तपासतात, पण तेही घरचं माणूस शेजारी असताना. आणि कुणी म्हणालं, "हे आपलं गुपित, सांगू नको," तर ते आधी सांगायचं.

राजलक्ष्मी घरी आली आणि तिनं सगळ्या घराला शाळा करून टाकली. आत्तेभावानं गालगुच्चा घेतला तर, "इचारलं व्हतं का?" पाहुण्या बाईंनी पापा मागितला तर, "न्हाय. राम राम करती." आजी कपाळाला हात लावायची. "ही पोरगी न्हाय, फौजदार हाय!"

एकदा ती माझ्यासमोर येऊन बसली आणि मलाच म्हणाली, "पखवाजा, हात लावू का?" आणि वाट बघू लागली.

आबा हसले. "त्यो काय बोलनार हाय व्हय? लाव की, मी सांगतो."

"त्यो बोलला न्हाय ना, आबा. मग नगं."

"अगं, गप बसला म्हंजी व्हयच की."

"न्हाय. बाई म्हनल्यात, गप बसला म्हंजी व्हय न्हाय. 'व्हय' म्हनला तरच व्हय."

आबा खो खो हसले आणि साऱ्या आळीत सांगत सुटले. मी मात्र हसलो नाही. मला एक नऊ वर्षांची पोर आठवली, वाटी उचलून गप्प गेलेली.

सप्ताह बसला. जयवंतानंतर घरात लहान लेकरू नव्हतं, कणीक आबाच आणत. आता तो मान राजलक्ष्मीकडे आला. कोठीच्या किल्ल्या अजून अप्पांकडेच होत्या. केस पिकले होते, बुक्का तोच होता, गुळाचे खडे तेच होते. पहिल्या दिवशी कणीक लाडवासारखी आली. दुसऱ्या दिवशीही. माझा जीव दोन दिवस टांगणीला लागला होता. तिसऱ्या दिवशी ती उशिरा आली. आबांनी वाटी घेतली आणि माझ्यावर गोळा थापला.

पाच बोटं.

मी त्या रात्री वाजलो की रडलो, देव जाणे.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला मंडप भरत होता. बुवा येऊन बसले होते. आबांनी मला मांडीवर घेतलं आणि वाटी पुढं केली. राजलक्ष्मी हलली नाही.

"मी जायची न्हाय."

"जा गं लवकर, बुवा खोळंबल्यात." आबांनी तिला उठवायला दंडाला धरलं. ती एकदम मागं सरली.

"आबा, हात लावू नका! आदी इचारा!"

टाळकरी हसले. एकजण म्हणाला, "लई शानी झालीया आबांची नात." तेवढ्यात स्वतः अप्पाच कणकेचा गोळा घेऊन कोठीतून आले. "आसू द्या, आसू द्या. लाजाळू हाय पोर," असं म्हणत त्यांनी तिच्या गालाकडे हात नेला.

राजलक्ष्मी आबांच्या पाठीमागं गेली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग ती बोलली. ओरडून नाही. पण मंडपाच्या पहिल्या तीन ओळींनी ऐकलं.

"आबा, ह्या पखवाजाला कुनी न इचारता हात लावला तर तुमी खवळता. मला कुनीबी हात लावला तर 'गप बस' म्हनता. पखवाज माझ्यापेक्षा मोठा हाय का?"

आबांचा हात माझ्यावर होता. तो थंड पडलेला मला कळला.

ते उठले. मला पट्ट्यानं खांद्याला अडकवलं. नातीला म्हणाले, "चल, भायेर चल," आणि मंडपाबाहेर लिंबाखाली जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिचं तोंड वर आणि आबांचं खाली, असं त्या घरात पहिल्यांदाच झालं असेल.

"सांग."

तिनं आधी विचारलं, "तुमी मारनार न्हाय ना?"

"न्हाय."

"मी त्यांचा गूळ खाल्ला व्हता, आबा. मग माझी चूक हाय का?"

आबा म्हणाले, "गूळ देवाचा हाय, बाळा. गूळ खाल्ला म्हणून कुनाची चूक व्हत न्हाय. तुझी तर न्हायच न्हाय."

मग तिनं सांगितलं. अप्पा दार लोटून घेतात. मांडीवर बसवतात. जिथं कुणी हात लावायचा नसतो तिथं त्यांनी हात लावला. ती हात झटकून पळाली. ते म्हणाले, कुणाला सांगितलंस तर तुझ्या आबाचा मान जाईल. म्हणून ती एक दिवस गप्प राहिली. "पन बाई म्हनल्या व्हत्या, एकानं ऐकलं न्हाय तर दुसऱ्याला सांगायचं. आजीला सांगाय गेलती तर ती पंगतीच्या गडबडीत व्हती. मग म्हनलं, आता तुमाला सांगती."

आबांनी माझ्या डाव्या तोंडावरून हात फिरवला. कालची कणीक खरवडायची राहून गेली होती. वाळून कडक झाली होती आणि एका कडेला पाच बोटांच्या खुणा अजून उरल्या होत्या. त्यांनी त्या खुणांवर आपली बोटं ठेवून पाहिली. बसली नाहीत. लहान होत्या खुणा. मग त्यांच्या तोंडून एकच शब्द आला.

"जयवंता."

मंडपात परतले तेव्हा चारदोन शहाणी माणसं पुढं आली. तोवर कुजबूज पोहोचली होती. "आबा, आत्ता नको. काला होऊन जाऊ द्या. सप्ताहाला गालबोट लागंल." कुणी म्हणालं, "लेकराचं काय, आज एक बोलंल, उद्या एक." अप्पा हात जोडून उभे होते, तोंडात रामकृष्णहरी.

आबांनी मला खांद्यावरून काढलं आणि बुवांच्या पुढं ठेवलं. "बुवा, माफी करा. ह्या कोठीची कणीक माझ्या पखवाजाला आता लागनार न्हाय. आन् कणकेबिगर ह्यो वाजत न्हाय."

बुवा उठले. मग त्यांनी गळ्यातला हार काढून ठेवला आणि लोकांकडे वळले. "मंडळी, देव लेकराच्या रूपानं आला आणि आपण त्याला गप्प बसवून त्याचंच नाव घेत बसलो, तर ते कीर्तन कुठल्या कानानं ऐकायचं त्यानं? आजची सेवा इथंच थांबली. आधी लेकराचं बघा."

सत्तर वर्षांच्या आबांनी तिथंच फोन लावला. दोनदा नंबर चुकला. "जयवंते," ते म्हणाले, "त्या साली तू मला कोठीचं काय सांगत व्हतीस?"

पलीकडे एक गाय हंबरली.

"आता इचारताय व्हय, आबा?" जयवंता म्हणाली. आणि मग, "पोर कुठं हाय? तिला एकटं सोडू नका. येती मी."

सकाळी ती आली. धारा काढून, दूध घालून, तशीच स्कूटीवर. लग्नानंतर पहिल्यांदा सप्ताहात. राजलक्ष्मीला विचारून जवळ घेतलं, आणि भावजयीला, म्हणजे पोरीच्या आईला, बरोबर घेऊन तिघी इंदापूरला पोलीस ठाण्यात गेल्या. तिथं साध्या कपड्यातल्या एका मॅडमनी पोरीला खाली चटईवर बसवून, तिच्या आईसमोर, तिच्या वेगानं सगळं ऐकून घेतलं. हे मला नंतर घरातल्या बोलण्यातून कळलं. कोठीच्या किल्ल्या गेल्या. अप्पांना घेऊन गेले. त्या आठवड्यात आणखी दोन घरांतली लेकरं बोलती झाली. जयवंतानंही आपलं सांगितलं. उशिरा, पण सांगितलं.

कणकेचा मान आबांनी बंद केला. आता वाजवणाऱ्यानं घरून पीठ आणायचं आणि मंडपात सगळ्यांसमोर आपणच मळायचं. मंडपात नवा पखवाज आला, तो तरणा आहे. मी घरी आलो.

तिघी ठाण्यातून परतल्या, त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. जयवंता परत जायला निघाली होती. आबा दारात उभे होते, मी कोपऱ्यातून बघत होतो. आबांनी हात उचलला, पूर्वी लेकीला निरोप देताना ठेवायचे तसा डोक्यावर ठेवायला. आणि अर्ध्यात थांबले.

"जयवंते, डोक्यावर हात ठिवू का?"

ती काही बोलली नाही.

मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा तीच चूक करणार. गप्प बसली म्हणजे हो, असं समजणार. पण आबांनी हात हळूच मागं घेतला आणि आपल्याच छातीशी धरला.

जयवंतानं ते पाहिलं. स्कूटीला किल्ली लावली. जाता जाता म्हणाली, "परत कवातरी इचारा, आबा."

तेव्हापासून आबा ती दिवाळीला आली की विचारतात. उत्तर आलेलं मी अजून ऐकलं नाही. पण ते विचारायचं सोडत नाहीत.

मित्रांनो, मी दमलो. माझ्या चिरा आता चाँदभाईसुद्धा बुजवू शकले नसते. तुमच्याही अंगावर कातडं आहे, आणि त्याला हात कळतो. ते "नको" म्हणालं तर त्याचं ऐका, तिथून निघून या, आणि कुणी ऐकेपर्यंत सांगत राहा. पहिल्यानं ऐकलं नाही म्हणून थांबू नका. आणि मोठ्यांनो, तुम्हीही मागं बसून ऐकताय हे मला ठाऊक आहे. पखवाजाला विचारता, तसं लेकराला विचारा. ते नको म्हणालं तर त्यात तुमचा मान जात नाही.

राजलक्ष्मीचं गाव कौतुक करतं, करू द्या, पोर गुणाची आहे. पण तुम्ही इथून उठाल तेव्हा एवढं करा. जिनं आधी सांगितलं होतं आणि जिचं कुणी ऐकलं नाही, त्या नऊ वर्षांच्या जयवंताची आठवण ठेवा.